पाचशे नऊ बसले, शेवटचे बारा चुकले

फ्लेचर मगी हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. अमेरिकेतही कॉलेजचं बास्केटबॉल जीव लावून बघणाऱ्यांनाच ते चटकन आठवतं. पण मार्च २०१९ मध्ये, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात, त्याच्या नावावर दोन दिवसांच्या अंतराने दोन नोंदी झाल्या. गुरुवारी, २१ मार्चला, कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत कारकिर्दीत सर्वाधिक थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचे बास्केट, करणारा खेळाडू म्हणून त्याचं नाव लागलं. शनिवारी, २३ मार्चला, कॉलेजांच्या त्याच राष्ट्रीय स्पर्धेत त्याने बारा थ्री मारले आणि बाराही चुकले. या स्पर्धेच्या एका सामन्यात इतके थ्री मारून एकही न बसलेला खेळाडू त्याआधी झाला नव्हता.

माणूस तोच, हात तोच, मधे फक्त एक दिवस. मग यातला खरा मगी कोणता? मला वाटतं हा प्रश्नच चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे कळलं, की लांबून नेम धरणाऱ्या खेळाडूचा सगळा व्यवसाय कळतो. त्यासाठी आधी जमिनीवर आखलेल्या एका रेषेकडे जावं लागेल.

बास्केटबॉलमध्ये साध्या बास्केटचे दोन गुण. मैदानावर रिंगभोवती एक मोठी कमान आखलेली असते. तिच्या बाहेर उभं राहून चेंडू टाकला आणि तो आत गेला, तर तीन गुण. हाच थ्री-पॉइंटर, बोलताना नुसता 'थ्री'. ही रेषा मुळात या खेळात नव्हती. एनबीए या व्यावसायिक लीगने ती १९७९-८० च्या मोसमात आणली. कॉलेजांमध्ये मोसमभरासाठी पहिला प्रयोग केला तो सदर्न कॉन्फरन्स नावाच्या, दक्षिणेकडच्या छोट्या कॉलेजांच्या गटाने. २९ नोव्हेंबर १९८० रोजी वेस्टर्न कॅरोलायनाच्या रॉनी कारने कॉलेज बास्केटबॉलमधला पहिला अधिकृत थ्री बसवला. पुढे १९८६-८७ पासून सगळ्या देशातल्या कॉलेजांना एकच रेषा लागू झाली, ६.०२ मीटरवर. २००८ मध्ये ती ६.३२ मीटरवर सरकली. मगी खेळला तो या रेषेवर. अंदाज यावा म्हणून सांगतो, बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टची रुंदी ६.१ मीटर असते. म्हणजे त्या कोर्टच्या एका कडेला उभं राहून दुसऱ्या कडेच्याही थोडं पलीकडे, दहा फूट उंचीवरच्या कड्यात चेंडू टाकायचा.

हे सदर्न कॉन्फरन्सचं नाव लक्षात असू द्या. एनबीएतला नावाजलेला नेमबाज स्टीफन करी ज्या डेव्हिडसन कॉलेजात खेळला ते तेव्हा याच गटात होतं. मगीचं वॉफर्ड कॉलेजही याच गटातलं.

आता हिशेब. शंभर दोनचे शॉट मारून पन्नास बसले तर शंभर गुण. शंभर थ्री मारून तेहतीस बसले तरी नव्याण्णव. म्हणजे तीनांतला एक थ्री बसवणारा आणि दोनांतला एक जवळचा शॉट बसवणारा हे जवळपास सारख्याच मोलाचे. मगीचं कारकिर्दीतलं प्रमाण होतं ४३.५ टक्के. त्याने शंभर थ्री मारले तर संघाला १३० गुण मिळत. तेवढेच गुण जवळून काढायचे तर शंभरांतले पासष्ट शॉट बसायला हवेत, आणि तेही सात फुटी खेळाडू डोक्यावर हात उभारून उभे असताना.

एवढं सोपं गणित असूनही प्रशिक्षकांना ते पचायला काही दशकं लागली. लांबून मारणं हा कित्येक वर्षं उतावीळपणा समजला जायचा. चेंडू आत द्या, रिंगजवळ न्या, मग मारा, अशी शिकवण होती. नेमबाज हा आमटीतल्या चिंचेसारखा मानला जाई. चवीपुरता हवा, पण त्याच्यावर जेवण होत नाही. मगीच्या पिढीने हे बदललेलं पाहिलं.

एका अंशाचा खेळ

रिंगचा व्यास सुमारे ४५.७ सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे २४. कागदावर बघितलं तर रिंगमध्ये शेजारी शेजारी जवळपास दोन चेंडू मावतील. पण चेंडू रिंगमध्ये सरळ वरून पडत नाही, तिरका येतो. तिरक्या येणाऱ्या चेंडूला रिंग गोल दिसत नाही, लंबगोल दिसते, अगदी आपल्याला ताटलीची कड बाजूने दिसते तशी. चेंडू ४५ अंशांत खाली आला तर त्याला मिळणारी फट सुमारे ३२ सेंटिमीटरची. ३० अंशांत, म्हणजे चपटा आला, तर फट जेमतेम २३ सेंटिमीटर, चेंडूपेक्षाही लहान. असा चेंडू कड्याला न लागता आत जाणं शक्यच नाही. म्हणून सगळे प्रशिक्षक पोरांच्या मागे लागतात की चेंडूला उंची द्या, कमान द्या.

मग डावी-उजवी बाजू. चेंडू स्वच्छ आत जायचा असेल तर मध्यापासून जास्तीत जास्त अकरा सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे चालतो. सव्वासहा मीटरवरून याचा कोन काढला तर साधारण एक अंश भरतो. मनगट एका अंशाहून जास्त वळलं की चेंडू कड्याला लागणार. नंतर तो आत पडतो की बाहेर, हे बऱ्याच अंशी चेंडूला दिलेल्या उलट्या फिरकीवर ठरतं. फिरकी चांगली असेल तर कड्याला लागूनही चेंडूचा वेग मरतो आणि तो हळूच आत लुडकतो.

हे सगळं उभ्या उभ्या, शांतपणे करता आलं असतं तर थोड्या सरावाने पुष्कळांना जमलं असतं. पण सामन्यात नेमबाजाला कुणी उभं राहू देत नाही. त्याच्यासाठी एक खेळाडू राखून ठेवलेला असतो. त्याला सांगितलेलं असतं की बाकी काही बघू नकोस, याला चेंडू मिळू देऊ नकोस, आणि मिळालाच तर मारू देऊ नकोस.

म्हणून नेमबाजाचा निम्मा खेळ पायांत असतो. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे हा भाग बघणाऱ्यांच्या नजरेतून निसटतो याची मला फार खंत वाटते. नेमबाज रिंगखालून धावत सुटतो. वाटेत त्याचा एखादा धिप्पाड सहकारी पाय रोवून खांबासारखा उभा असतो. याला स्क्रीन लावणं म्हणतात. नेमबाज त्या सहकाऱ्याच्या खांद्याला खांदा घासून जातो, इतका जवळून की मधून पाठलाग करणाऱ्याला वाट उरू नये. आता त्या पाठलाग करणाऱ्याने काय करावं? मागे मागे धावला तर नेमबाज वळसा घेऊन रिंगकडे आत घुसतो. आडवाटेने पुढे गाठायला गेला तर नेमबाज उलट कोपऱ्याकडे सरकतो आणि तिथे मोकळा सापडतो. दुसरा कुणी मदतीला धावला तर ज्याने स्क्रीन लावली तोच मोकळा सुटतो. तिन्ही वाटांना काही ना काही किंमत मोजावी लागते. आणि ही निवड अर्ध्या सेकंदात करायची असते, तीही चेंडूच्या एका ताब्यात दोन-तीनदा, चाळीस मिनिटं.

चांगल्या नेमबाजाचं खरं मोल इथे दिसतं. त्याच्या हातात चेंडू नसतानाही समोरच्या संघातले दोघे त्याच्याकडे ओढले जातात. मग उरलेल्या चौघांना तिघांविरुद्ध खेळायला मिळतं. गुणफलकावर याची नोंद कुठेच होत नाही.

मगीची खासियत अशी की त्याला नीट उभं राहायचीही गरज पडत नसे. पुस्तकात लिहिलेलं असतं की पाय रिंगकडे करा, तोल सांभाळा, मग उडी घ्या. मगी धावता धावता चेंडू पकडायचा, हवेत असतानाच अंग वळवायचा आणि बाजूला किंवा मागे झुकत चेंडू सोडायचा. पाय कुठेही असोत, खांदे आणि मनगट शेवटच्या क्षणी रिंगकडे आलेले असायचे. लहान मुलांनी बघून शिकावा असा तो शॉट नव्हता. पण तो त्याचा रोजचा शॉट होता. सामन्यात जसा मारावा लागणार तसाच घोटलेला.

चार वर्षं, एक कॉलेज

मगी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचा. उंची सहा फूट चार इंच. रस्त्यात दिसला तर आपण मान वर करून बघू, पण बास्केटबॉलमध्ये ही उंची साधारणच. मोठ्या नावाच्या कॉलेजांच्या डोळ्यांत तो भरला नाही. २०१५ मध्ये तो साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्ग गावी वॉफर्ड कॉलेजात दाखल झाला. १८५४ साली स्थापन झालेलं हे जुनं खासगी कॉलेज आहे, विद्यार्थी सतराशेच्या आसपास. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजातही याहून जास्त मुलं असतात. आणि हे कॉलेज ज्या श्रेणीत खेळतं, त्याच श्रेणीत पन्नास पन्नास हजार विद्यार्थ्यांची विद्यापीठं उतरतात.

अमेरिकेतली ही व्यवस्था दोन ओळींत सांगतो. कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. तिच्या वरच्या श्रेणीत साडेतीनशेच्या वर संघ आहेत, ते तीसेक गटांत विभागलेले आहेत. मार्चमध्ये त्यातल्या ६८ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा होते. प्रत्येक गटाच्या विजेत्याला तिथे हक्काची जागा असते, त्यामुळे लहान कॉलेजांना वर्षातून एकदा मोठ्यांसमोर उभं राहता येतं. एकदा हरलात की घरी.

वॉफर्डचे प्रशिक्षक माइक यंग २००२ पासून मुख्य प्रशिक्षक होते. त्यांनी संघाचा खेळच स्क्रीन आणि सततच्या धावण्यावर बेतलेला होता. मगीसारख्याला ही जागा म्हणजे कसदार जमीन. दुसरीकडे गेला असता तर कदाचित बाकावरून उठून दोन थ्री मारून परत बसला असता. इथे त्याच्यासाठी डाव आखले गेले. एखाद्या विशेषज्ञाचं आयुष्य त्याच्या गुणाइतकंच त्याला कोण, कुठे आणि किती वर्षं खेळवतं यावर उभं असतं. हे मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

२० डिसेंबर २०१७ रोजी वॉफर्डचा संघ चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्ध खेळायला गेला. नॉर्थ कॅरोलायना तेव्हाचे राष्ट्रीय विजेते होते, क्रमवारीत पाचवे. वॉफर्डने ७९-७५ असा सामना जिंकला, मगीचे २७ गुण. त्यानंतरच्या, म्हणजे २०१८-१९ च्या मोसमात वॉफर्डने आपल्या गटातले अठराच्या अठरा सामने जिंकले आणि पहिल्यांदाच राष्ट्रीय क्रमवारीत पंचवीसच्या आत जागा मिळवली.

त्यानंतर तो मार्च आला. जॅक्सनव्हिलला पहिल्या सामन्यात समोर सीटन हॉल विद्यापीठ. मगीच्या खात्यावर तोवर ५०२ थ्री होते, विक्रम ५०४ चा. ओकलंड विद्यापीठाच्या ट्रॅव्हिस बेडरने तो २०१४ मध्ये केलेला. मगीचे त्या दिवशी सात बसले. तिसऱ्याला विक्रम मोडला, सातव्याला आकडा ५०९ वर गेला. वॉफर्डने ८४-६८ असा विजय मिळवला. या स्पर्धेतला तो कॉलेजचा इतिहासातला पहिलाच विजय. याआधी चार वेळा येऊन ते पहिल्याच सामन्यात परतले होते.

शनिवारी समोर केंटकी विद्यापीठ. उंच, वेगवान, पुढे एनबीएत जाणारी मुलं. मगीला राखण्याचं काम मुख्यतः टायलर हिरोकडे होतं. तो जवळपास मगीइतकाच उंच, आणि स्वतः नेमबाज असल्याने नेमबाज कुठून कसा सुटतो हे जाणणारा. पहिला चुकला, दुसरा चुकला, आणि मग चुकतच गेले. सामना मात्र शेवटपर्यंत हातात राहिला होता. अखेर ६२-५६. सहा गुण. बारांतले दोन बसले असते तरी बरोबरी होती.

बारांतले शून्य

अनेकांनी तेव्हा म्हटलं की मगी दडपणाखाली कोसळला. मी आकडेमोड करून बघितली, तुम्हीही करून बघा. ४३.५ टक्के बसतात म्हणजे ५६.५ टक्के चुकतात. सलग बारा चुकण्याची शक्यता काढायला ०.५६५ ला बारा वेळा गुणायचं. उत्तर येतं हजारात एक. फारच दुर्मीळ वाटतं. पण केंटकीच्या लांब हातांसमोर त्याचं प्रमाण ४३ वरून ३३ टक्क्यांवर आलं असं धरा, आणि तसं धरणं अवाजवी नाही. तर हीच शक्यता सव्वाशेत एक होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. चार वर्षांत मगीने सुमारे १,१७० थ्री मारले. म्हणजे ५०९ बसले तेव्हा साडेसहाशेहून जास्त चुकले. प्रत्येक शॉटला तीच ४३.५ टक्के शक्यता धरली, तर इतक्या शॉटमध्ये कुठे ना कुठे सलग बारा चुकण्याची वेळ येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे कारकीर्द पुरेशी लांब असेल तर कोरडा दुष्काळ येणं नवलाचं नाही. तो कधी येईल एवढंच हातात नसतं. एखाद्या जानेवारीतल्या मंगळवारी, अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये आला असता तर कुणाच्या लक्षातही राहिला नसता. मगीच्या बाबतीत तो साऱ्या देशासमोर, कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात आला.

आणि सहा चुकल्यावर त्याने मारणं थांबवायला हवं होतं का? मला ठामपणे वाटतं, नाही. मोकळ्या नेमबाजाचा सातवा शॉट हा तेव्हाही संघाचा सर्वांत चांगला शॉट होता. ज्या मनाने त्याने बारावा मारला, त्याच मनाने दोन दिवस आधी सातवा मारला होता. मागचा शॉट विसरता आला नाही तर १,१७० वेळा चेंडू उचलणं कुणालाच शक्य नाही. नेमबाजाचं मन तसंच घडवलेलं असतं, आणि संघालाही ते तसंच हवं असतं.

पुढे काय?

एनबीएत तीस संघ आहेत आणि दरवर्षी साठेक नवे खेळाडू निवडले जातात. जून २०१९ मध्ये त्या साठांत मगी नव्हता, आणि एनबीएचा एकही सामना पुढे त्याच्या वाट्याला आला नाही. कॉलेजात ज्याच्याहून जास्त थ्री तोवर कुणीच बसवले नव्हते, त्याला जगातली सर्वांत मोठी लीग घेत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण कॉलेजातल्या थ्रीच्या विक्रमाचा इतिहास बघा. कर्टिस स्टेपल्स, ४१३ थ्री, निवड नाही. जे. जे. रेडिक, ४५७, निवड झाली. बेडर, नाही. मगी, नाही. मगीनंतर अँटवान डेव्हिस, नाही. पाचांत एक.

कारण नेम नव्हे, बचाव. कॉलेजात कमजोर बचावाच्या खेळाडूला झाकता येतं. संघाने जागा वाटून बचाव केला की त्याला सोपी जागा देता येते. एनबीएत ते अवघड जातं. समोरचे लोक मुद्दाम डाव असा रचतात की त्यांचा सर्वांत चपळ खेळाडू तुमच्या नेमबाजासमोरच यावा. तीन गुण कमावून तीन गमावले, तर शिल्लक काय राहिली? शिवाय तिथली रेषा समोरून ७.२४ मीटरवर आहे.

रेडिकची कहाणी यात बोलकी आहे. २००६ मध्ये ऑर्लँडो मॅजिक या एनबीए संघाने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं, आणि सुरुवातीची वर्षं तो बहुतेक बाकावर बसून होता. बचाव शिकला, शरीर कमावलं, मग पंधरा मोसम खेळला आणि १,९५० थ्री बसवले. दुसरी वाट डंकन रॉबिन्सनची. तो तिसऱ्या श्रेणीतल्या विल्यम्स कॉलेजातून मिशिगनला गेला आणि २०१८ मध्ये त्यालाही कुणी निवडलं नाही. तरी मायामी हीटने त्याला जवळ ठेवलं. २०१९-२० मध्ये त्याने एका मोसमात २७० थ्री बसवले आणि २०२१ मध्ये पाच वर्षांचा सुमारे ९ कोटी डॉलरचा करार मिळवला. रॉबिन्सन सहा फूट सात इंच आहे. मगीपेक्षा तीन इंच जास्त. त्या तीन इंचांवरून हात वर केलेल्या माणसाच्या पलीकडची रिंग दिसते.

मगीच्या काळात कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या नावावर पैसे घेता येत नसत. ती मुभा जुलै २०२१ मध्ये मिळाली. त्याच वर्षापासून पहिल्यांदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची सक्तीही गेली. आज मगीसारखा मुलगा चॅपल हिलला २७ गुण मारून आला, तर पुढच्या मोसमात तो वॉफर्डला राहील का, याची मला शंका आहे. मोठी विद्यापीठं त्याला पैसे देऊन घेऊन जातील, आणि त्याने जावं हेही योग्यच. पण एकाच छोट्या कॉलेजात, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, एकाच डावाभोवती चार वर्षं वाढलेला नेमबाज आता क्वचितच दिसेल. मला त्याचं वाईट वाटतं.

मगी बाहेर पडला आणि पुढच्याच मोसमात, २०१९-२० मध्ये, कॉलेजची रेषा ६.३२ वरून ६.७५ मीटरवर गेली. प्रशिक्षक यंगही वॉफर्ड सोडून व्हर्जिनिया टेकला गेले. पण मगीच्या त्या शेवटच्या मोसमातच डेट्रॉइट मर्सी विद्यापीठात पहिल्या वर्षाचा एक सडसडीत मुलगा जुन्या रेषेवरून १३२ थ्री बसवत होता. पहिल्या वर्षाच्या खेळाडूंमधला करीचा १२२ चा विक्रम त्याने मागे टाकला होता. तो अँटवान डेव्हिस. पुढे कोरोनामुळे सगळ्यांना एक वर्ष वाढवून मिळालं, आणि पाचव्या मोसमात, २०२३ मध्ये, त्याने मगीचे ५०९ ओलांडले. तो थांबला ५८८ वर.